सायकल स्टँडमागची ढाल

माननीय व्यवस्थापक फादर, मुख्याध्यापिका सिस्टर आणि वर्धापन समितीचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. ज्यांच्यासाठी पत्र आहे त्यांना ते पोचेल, आणि बाकीच्यांचं नावावाचून काही अडणार नाही. शाळेची जुनी ढाल काढून नवा लोगो का लावला हे सांगणारं तुमचं परिपत्रक आलंय, त्याला हे उत्तर. मी शाळेचा माजी विद्यार्थी. खरं तर एवढी ओळख पुरायला हवी, पण पुढे थोडी आणखी द्यावी लागेल, कारण मला जे सांगायचंय ते चादरीच्या धंद्यातल्या माणसालाच दिसेल असं आहे.

जूनमध्ये पुतणीच्या मुलाला शाळेत सोडायला आलो होतो. पाचवीत आहे. त्याच्या खिशावर काहीतरी वेगळंच दिसलं म्हणून वाकून बघितलं. पांढऱ्या शर्टावर वळण घेत वर जाणारी फिकट पिवळी रेघ, आणि रेघेच्या टोकाला हात वर केलेला माणूस. माणूस म्हणजे काय, डोक्याच्या जागी एक ठिपका. या माणसाला मी चांगला ओळखतो. तो पतसंस्थेच्या पासबुकावर असतो, दाताच्या दवाखान्याच्या पाटीवर असतो, एका क्लासच्या फ्लेक्सवर तर मागच्याच आठवड्यात भेटला होता. ‘हे काय बे?’ म्हटलं, तर पोरगं म्हणालं, ‘लोगो आहे आजोबा.’ मग ढाल कुठे गेली? ‘ती जुनी होती.’

मान वर करून गेटकडे पाहिलं. कमानीवर जिथे दगडी ढाल होती तिथे पापुद्रे निघालेला गिलावा आणि लोखंडी पट्ट्यांची चार भोकं. वॉचमनला विचारलं. त्यानं सायकल स्टँडच्या मागे बोट दाखवलं. ढाल तिथे उताणी पडली होती. तिच्यावर पाणी लागून दगड झालेलं अर्धं सिमेंटचं पोतं.

पोतं मी बाजूला केलं. तेव्हा जे दिसलं ते शेवटी सांगतो. आधी ढालीविषयी.

आम्ही तिला ढाल म्हणत नव्हतो, बिल्ला म्हणायचो. इंग्रजीत कोट ऑफ आर्म्स म्हणतात हे कॉलेजात गेल्यावर कळलं. निळं मैदान. वर सोनेरी पट्टी, तिच्यावर तांबड्या किरणांच्या गोलात तीन अक्षरं, आय एच एस. मध्ये पांढरा पक्षी, चोच स्वतःच्या छातीत रुतवलेली, छातीवर तांबडे थेंब, पायाशी तीन पिल्लं. एका अंगाला फूल, दुसऱ्या अंगाला चांदणी. तळाशी निळ्या-पांढऱ्या लाटा आणि लाटांवर दोन्ही टोकांना निमुळतं असलेलं काहीतरी सोनेरी. खाली फीत, फितीवर लॅटिन.

हे आम्ही आमच्या परीनं वाचत होतो. आय एच एस म्हणजे ‘इंडियन हायस्कूल सोलापूर’, यात कुणालाही तिळमात्र शंका नव्हती. पक्षी म्हणजे कोंबडी. फूल म्हणजे त्रिशूळ. लाटा म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, आणि त्यात होडी. एकूण शाळा सिद्धेश्वर तळ्याकाठची असून तिथे कोंबड्या पाळतात असा अर्थ निघत होता, आणि आमचं समाधान होतं.

हसू नका, कारण तुमच्या माहितीपत्रकातला अर्थ याच्याहून फार बरा नाही. त्यात आय एच एस म्हणजे इंग्रजीतलं ‘त्याच्या सेवेत’ असं छापलंय. पक्ष्याला हंस म्हटलंय. आणि फूल डावीकडे, चांदणी उजवीकडे असं लिहिलंय. ढालीचं उजवं-डावं हे ढाल हातात धरणाऱ्याचं असतं, समोरून बघणाऱ्याचं नव्हे. फूल उजव्या अंगाला आहे, म्हणजे मानाच्या जागी.

ती तीन अक्षरं इंग्रजी नाहीतच. येशूचं नाव ग्रीकमध्ये लिहिलं की पहिली तीन अक्षरं येतात आयोटा, इटा आणि सिग्मा. इटाचा आकार इंग्रजी एचसारखा दिसतो, म्हणून सगळा घोळ. लॅटिनवाल्यांनी त्यातून ‘येशू, मानवांचा तारणारा’ असा अर्थ नंतर बसवला, इंग्रजीवाल्यांनी आपापला बसवला, आम्ही आमचा. किरणांच्या गोलातलं हे चिन्ह पंधराव्या शतकात इटलीत सिएनाच्या संत बर्नार्डिनोनं गावोगाव नेलं. लाकडी फळीवर रंगवलेली ही अक्षरं हातात धरून तो प्रवचन करायचा. त्या काळात तिथल्या शहरांत गटागटांची भांडणं होती, आणि प्रत्येक गटाचं चिन्ह घरांच्या दारांवर असायचं. ती काढा आणि हे नाव लावा, असं तो लोकांना सांगायचा. (आपल्या चौकाचौकातल्या फ्लेक्सकडे पाहिलं की मला हा बर्नार्डिनो हटकून आठवतो.) पुढे सोळाव्या शतकात येशूसंघानं, म्हणजे जेझुइट फादरांच्या संघानं, हीच अक्षरं आपली खूण म्हणून घेतली, खाली तीन खिळे जोडले आणि जगभरच्या शाळांवर लावली.

आता कोंबडी. तो पेलिकन. आपल्याकडचे पक्षीमित्र त्याला झोळीवाला म्हणतात. पशुपक्ष्यांच्या एका जुन्या ग्रीक पोथीत गोष्ट आहे की मेलेल्या पिल्लांवर पेलिकन आपली छाती फोडून रक्त शिंपडतो आणि ती जिवंत होतात. पुढे दुष्काळात आई आपल्या रक्तावर पिल्लं जगवते, असंही रूप तिला आलं. ख्रिस्तसभेनं, म्हणजे चर्चनं, त्यात क्रुसावरचा येशू पाहिला, मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, भाकर आणि द्राक्षारस पाहिला. संत थॉमस अक्वायनसनं तर एका स्तोत्रात येशूला पेलिकनच म्हटलंय. चितारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पेलिकन जन्मात पाहिलेला नसावा. म्हणूनच ढालींवरच्या पेलिकनला झोळी नसते, कधी तो गरुडासारखा दिसतो, कधी हंसासारखा. आमच्याकडे कोंबडीसारखा झाला, चालायचंच.

गोष्ट खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती निघाली कुठून याचा एक अंदाज मला फार आवडतो. फ्लेमिंगोच्या घशात पिल्लांसाठी दुधासारखा एक रस तयार होतो, आणि तो तांबडा असतो. लांबून पाहणाऱ्याला आई रक्त पाजतेय असंच वाटेल. हे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटात करमाळ्याच्या बाजूला उतरतात. पिल्लं ते इथे काढत नाहीत, त्यामुळे तो रस आपल्याला दिसायचा नाही. तरी, शाळेच्या बिल्ल्यावरच्या गोष्टीचा मूळ धनी आपल्याच जिल्ह्यात उभा असतो आणि शाळेची एकही सहल तिकडे गेलेली मला आठवत नाही.

पेलिकनची गोष्ट आम्हाला सातवीत एका फादरनी सांगितली. मी पूर्व भागातला, म्हणजे सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीतला. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी आणि भांडण मराठीत. वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे पुठ्ठे, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करायचे. अम्मा विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या, त्यातून छाट, म्हणजे नापास विड्या, निघायची ती वेगळी. माझी फी त्या विड्यांतून जायची हे मला माहीत होतं, पण ‘माहीत होतं’ म्हणजे जसं पोराला माहीत असतं तसं. फादर ती गोष्ट सांगत होते तेव्हा मला अम्माची बोटं दिसली, तंबाखूनं पिवळी पडलेली. मी घरी येऊन काही बोललो नाही. नंतर बिल्ला शिवायला तिच्याकडे दिला की मात्र मला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं, इतकंच.

फूल आणि चांदणी पवित्र मरियेची. गॅब्रिएल देवदूत निरोप घेऊन आला तेव्हाच्या चित्रांत त्याच्या हातात लिलीची फांदी असते. ढालीवर येताना तिच्या तीन पाकळ्या होतात आणि मधे पट्टा, म्हणून आमचा त्रिशूळ. चांदणी म्हणजे समुद्रात वाट दाखवणारा तारा. २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांच्या ढालीवरही निळ्यावर पांढरी लिली आहे, ती बातमीत पाहिली तेव्हा घरात मीच ओरडलो, ‘ही आपली.’ त्यांच्या आधीच्या पोप फ्रान्सिस यांच्या ढालीची तर गंमत झाली होती. त्यावर संत योसेफासाठी जटामांसीची फांदी होती, ती लोकांना द्राक्षांचा घड वाटली. आणि २०१३ मध्ये ढाल पहिल्यांदा जाहीर झाली तेव्हा मरियेच्या चांदणीला पाच टोकं होती. काही दिवसांत व्हॅटिकननं चित्र दुरुस्त केलं, चांदणी आठ टोकांची झाली, फांदीही जरा फांदीसारखी झाली. कुणाला कळत नाही म्हणून ढालच काढून टाकू, असं तिथे कुणी म्हटलं नाही.

फितीवरचं लॅटिन, ओरा एत लाबोरा. प्रार्थना कर, कष्ट कर. हे वचन संत बेनेडिक्टच्या मठांचं म्हणून ओळखलं जातं, जरी त्याच्या नियमावलीत नेमके हे शब्द या क्रमानं सापडत नाहीत. सोलापुरात याचं भाषांतर करायची गरजच नव्हती. शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या या गावात शरणांचं, म्हणजे लिंगायत संतांचं, ‘कायकवे कैलास’ घराघरांत म्हटलं जातं. काम हाच कैलास. ज्यांनी स्वतः राबून, माणसं राबवून तळं खोदलं त्यांच्या गावात ‘लाबोरा’ शब्द परका कसा ठरेल?

आता तुमच्या परिपत्रकाकडे वळतो. त्यात तीन कारणं आहेत: ढाल गुंतागुंतीची आहे, मोबाइलवर नीट दिसत नाही, आणि आजच्या पिढीला परकी वाटते.

दिसण्याचं आधी घेतो, कारण तो माझा धंदा आहे. चाळीस वर्षं मी चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं काढली. ढालींचं शास्त्र युरोपात बाराव्या शतकात सुरू झालं ते दिसण्याच्या अडचणीतूनच. लोखंडी शिरस्त्राणात तोंड झाकलेलं, आपला कोण आणि शत्रूचा कोण ते लांबून कळायला हवं. म्हणून ढालीवर आणि चिलखतावरच्या झग्यावर खूण रंगवायची. कोट ऑफ आर्म्समधला कोट तो हा झगा. त्या शास्त्राचा पहिला नियम असा: सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. निळ्यावर पांढरा पक्षी चालेल, सोन्यावर तांबडी अक्षरं चालतील, पांढऱ्यावर पिवळं चालणार नाही. जेरुसलेमच्या राज्यानं चांदीवर सोन्याचे क्रूस घेतले, पण ते नियम मोडायचाच म्हणून घेतले, लोकांनी थांबून विचारावं म्हणून, असं सांगतात.

माझ्या वडिलांनी हे शास्त्र वाचलं नव्हतं. ते म्हणायचे, पांढऱ्यावर पिवळं टाकलं की व्यापारी गठ्ठा उघडतसुद्धा नाही.

तुमचा नवा लोगो पांढऱ्यावर पिवळा आहे. पोरगं रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की त्याचा खिसा कोरा दिसतो. गुंतागुंतीची म्हणून जी ढाल काढली ती मला सात रस्ता चौकात बसच्या खिडकीतून ओळखू यायची.

मोबाइलचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. नखाएवढ्या जागेत किरणं, अक्षरं, पिल्लं, लाटा मावत नाहीत, चिखल होतो. पण या अडचणीवरही जुना उपाय आहे. ज्यांच्याकडे मोठी ढाल असायची ते तिच्यातली किंवा वेगळी एकच सुटी खूण नोकरचाकरांच्या अंगरख्यावर, सामानावर वापरायचे. तुम्ही पेलिकन एकटा घ्या. निळ्या गोलात पांढरा पेलिकन, छातीवर एक तांबडा थेंब. कुठल्याही मोबाइलवर दिसेल, आणि दाताच्या दवाखान्याशी गल्लत होणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कदाचित तुमच्या डिझाइन करणाऱ्याला कुणी सांगितली नसेल. ढाल मुळात चित्र नसतेच. ती एक वाक्य असते. निळं मैदान, त्यावर चांदीचा पेलिकन, वर सोन्याची पट्टी, अशा ठरलेल्या शब्दांत ती लिहिलेली असते, त्याला ब्लेझन म्हणतात. ते वाक्य हातात घेऊन शंभर चित्रकार शंभर चित्रं काढतील आणि शंभरही बरोबर असतील. निळा म्हणजे कुठला निळा, पक्ष्याची मान किती वळलेली, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. जेकार्डचंही तेच आहे. चादरीतला मोर सुतात नसतो, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असतो. लिऑन शहरात १८०४ च्या सुमारास हे यंत्र उभं करणाऱ्याचं नाव जोसेफ मारी जॅकार्ड, म्हणजे योसेफ आणि मरिया दोघंही त्याच्या नावात. (याच लिऑनच्या धर्मपरिषदेत १२४५ साली पोप इनोसंट चौथे यांनी कार्डिनलांना, म्हणजे पोपांच्या खालच्या सर्वांत वरिष्ठ धर्मगुरूंना, तांबडी टोपी दिली, जी आता गोंड्यांसह त्यांच्या ढालींवर दिसते. पुण्याच्या बिशपांच्या पत्रावरची टोपी हिरवी असते, दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे. एका गावानं जगाला काय काय द्यावं!) तर वडील नव्या पोराला सांगायचे, ‘सूत बदल, पुठ्ठे बदलू नको.’ तुम्हाला ताजं, आजचं, साध्या रेघांचं चित्र हवं होतं ना? ते त्याच ढालीचं काढता आलं असतं. तुम्ही माळच तोडलीत.

राहिलं परकेपण. यात तथ्य आहे, ते मी झाकणार नाही. ढाल ही लढाईची वस्तू, सरदारांची मिरवणूक. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी आपल्या संस्थानिकांना अशाच ढाली काढलेले झेंडे वाटले, म्हणजे राजे आपले आणि त्यांची खूण ठरवणार साहेब. अशा ढालींबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण चर्चनं ही वस्तू घेताना तिच्यावरचं शिरस्त्राण काढून टाकलं, तिथे टोपी ठेवली. आणि आमच्या बिल्ल्यावर तलवार, सिंह, मुकुट असलं काही नव्हतं. एक उपाशी पक्षीण होती.

शिवाय खुणा वाचणं आपल्याला नवीन आहे का? युरोपात ढाली रंगवायला लागले त्याच बाराव्या शतकात आपल्याकडे सिद्धरामेश्वर होते. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, प्रत्येकाचा क्रम ठरलेला, मान ठरलेला, धरणाऱ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी. आमच्या पूर्व भागातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं की आता कितवा आला. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणत अडुसष्ट लिंगांना निघालेल्या त्या काठ्या कुणी ‘गुंतागुंतीच्या’ म्हणून आखूड करत नाही. राजमुद्रेचंही तसंच. चार सिंह, त्यातले तीन दिसतात, खाली चोवीस आऱ्यांचं चक्र, बैल, घोडा. हे आपण मुलांना चौथीत शिकवतो आणि परीक्षेत विचारतो. बिल्ल्याचा एक तास शाळेत कधी झाला? आमच्या वेळी एका फादरनी आपणहून घेतला तो. त्यानंतरच्या पोरांना तो परका वाटला तर दोष बिल्ल्याचा कसा?

काही पालकांना त्यातल्या ख्रिस्ती खुणा खुपतात, असं समितीतल्या एकानं मला सांगितलं. मी हिंदू पद्मशाली. माझ्या बाकावर उजवीकडे एक मोमीन होता, डावीकडे एक लिंगायत. आमच्यातल्या कुणाचा धर्म त्या बिल्ल्यानं पातळ झाल्याचं ऐकिवात नाही. शाळा कॅथलिक आहे हे गेटवरच कळत होतं आणि त्यात प्रामाणिकपणा होता. हात वर केलेल्या त्या ठिपकेवाल्या माणसाचा धर्म कोणता हे मला सांगता येत नाही, आणि तो नक्की शिकवणार काय हेही.

आता पोतं बाजूला केल्यावर काय दिसलं ते.

तळाशी लाटांवर जी सोनेरी वस्तू आहे ती होडी, असं आम्ही म्हणायचो आणि तुमचं माहितीपत्रकही म्हणतं. ते चूक म्हणता येणार नाही. येशूचा शिष्य पेत्र याची होडी म्हणजे ख्रिस्तसभा, ही जुनी कल्पना आहे. चर्चच्या मधल्या दालनाला इंग्रजीत नेव्ह म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या जहाजावरूनच जोडला जातो. पण माझे वडील एकदा पालकसभेला आले होते. गेटखाली उभं राहून, मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘धोटा आहे.’ धोटा म्हणजे मागावर बाणा, म्हणजे आडवं सूत, इकडून तिकडे नेणारी लाकडी वस्तू. मला शरम वाटली. सगळीकडे कारखानाच दिसतो यांना, असं मनात म्हटलं. बिल्ल्यावर ती वस्तू तांदळाएवढी, कमानीवर पंधरा फूट उंच. खरंखोटं कोण करणार? विषय तिथेच संपला.

पन्नासेक वर्षांनी ती ढाल माझ्या पायाशी पडली होती. मी बसलो, रुमालानं सिमेंट झाडलं आणि बोट फिरवलं. होडीला शीड नाही, वल्हं नाही. दोन्ही टोकांवर दगडात कोरलेली टोपी, जशी धोट्याच्या टोकांना लोखंडाची असते. मध्ये लांबट खोबण, सुताची कांडी बसते तशी. आणि कडेला, खोबणीच्या शेवटी, एक बारीक भोक. धोट्याच्या ज्या डोळ्यातून सूत बाहेर पडतं, बरोबर त्या जागी. त्या भोकातून एक रेघ निघते. रंगाखाली ती बुजली होती, पण नखाला लागते. ती रेघ खाली जाते आणि पहिल्या लाटेत मिसळते.

म्हणजे त्या लाटांत पाणी नव्हतंच, बाणा होता.

मी तिथे किती वेळ बसलो ठाऊक नाही. वॉचमन पाणी घेऊन आला, त्याला वाटलं चक्कर आली.

मग आठवलं. आमच्या कारखान्यात एकदा यंत्र बसवायला एक जर्मन मेस्त्री आला होता. तो धोट्याला ‘शिफखेन’ म्हणायचा, म्हणजे छोटं जहाज. फ्रेंचमध्येही धोट्याचा शब्द नावेवरूनच आलाय. पुण्याच्या धर्मप्रांतात, ज्यात सोलापूर येतं, पहिल्या महायुद्धापर्यंत येशूसंघाचे फादर मुख्यतः जर्मन होते. त्या भाषेत वाढलेल्या माणसाला होडी की धोटा हा प्रश्नच पडला नसता. एकच शब्द. जुन्या मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावासाठी कुणीतरी पेत्राची होडी कोरली, आणि कोरताना तिला सूत ओवायचं भोक ठेवलं. ते भोक खालून कुणाला दिसणार नव्हतं, तरी ठेवलं.

जुनी मिल बंद पडली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. साध्या मागावरचा धोटा आजच्या पोरांनी पाहिलेला नाही, नव्या रेपियर मागांना तो लागतही नाही. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती विणणारी घरं कमी होत चालली. ज्या शाळेत गिरणीवाल्यांची, मागवाल्यांची पोरं शिकली तिच्या दारावर धोटा होता, आणि तो होता हे कळलं तो काढल्यावर. तुमच्यावरचा माझा राग इथे थोडा लंगडा पडतो, हे कबूल करतो. ढाल खाली उतरवली नसती तर मीही वडिलांना चूक समजूनच मेलो असतो.

तर विनंती अशी. नवा लोगो छापून झालाय, गणवेश शिवून झालेत, पालकांना पुन्हा खर्चात टाकू नका. हे वर्ष जाऊ द्या. पुढच्या वर्षी खिशावर ढाल परत येऊ द्या, हवी तर नव्या रेघांत काढून, पण वाक्य तेच. ते वाक्य शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर छापा, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत आणि इंग्रजीत. आय एच एसचा अर्थ दुरुस्त करा, हंसाला रजा द्या, उजवं-डावं सुलट करा. होडीसमोर ‘किंवा धोटा’ असे दोन शब्द घाला. भाषांतरं करून द्यायला माझे जुने वर्गमित्र तयार आहेत, मी विचारून ठेवलंय, फुकट करतील आणि आपसात भांडतील.

आणि दगड परत कमानीवर चढवू नका. गेटच्या आत, भिंतीत, पाचवीतल्या पोराचा हात पोचेल इतक्या उंचीवर बसवा. रंग देणार असाल तर पातळ द्या, ते भोक बुजता कामा नये.

दगड जड आहे. मी उचलून पाहिला, एका टोकानं हललासुद्धा नाही. येत्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी कारखान्याचा टेम्पो, दोन माणसं आणि जुन्या चादरी घेऊन येतो. तोवर निदान पावसात राहू नये म्हणून त्याच्यावर एक ताडपत्री टाकून ठेवा. वॉचमनला सांगितलंय, पण तो म्हणतो, ऑफिसची चिठ्ठी लागेल.

आपला,
शाळेचा एक माजी विद्यार्थी
पूर्व भाग, सोलापूर